प्रोबेट लागतंच का, आणि वकिलाकडून नेमकं काय करून घ्यायचं?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एका ठिकाणी मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही पुढचं उत्तर समजेल. वडील नाशिकला वारले. इंदिरानगरचा सोसायटीतला फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून थोरल्या भावाचं नाव आहे. निफाड तालुक्यात आजोबांकडून आलेली 1 हेक्टर 20 आर जमीन आहे. एका राष्ट्रीयीकृत आणि एका सहकारी बँकेत ठेवी आहेत, डीमॅट खात्यात शेअर आहेत, आणि या कशालाच नॉमिनी नाही. 2016 साली दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं मृत्युपत्र आहे. त्यात फ्लॅट आईला आणि जमीन दोघा मुलांना दिली आहे. ठेवी आणि शेअर यांचा त्यात उल्लेखच नाही, ‘उरलेली सर्व मिळकत अमुक व्यक्तीला’ असं वाक्यही नाही. मागे आई, तुम्ही दोघे भाऊ, लग्न झालेली बहीण आणि वडिलांची आई, म्हणजे तुमची आजी. थोरला भाऊ अमेरिकेत. तुम्ही भेटलात त्या वकिलांनी ‘प्रोबेट (म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) घ्यावं लागेल’ असं सांगून एकूण मिळकतीच्या किमतीवर टक्केवारीनं फी सांगितली. प्रोबेट खरंच लागतं का आणि वकील नेमकं काय करणार, हे तुम्ही विचारलंय.

खरा प्रश्न प्रोबेटचा नाही. वडिलांच्या मिळकतीची नोंद पाच वेगवेगळ्या दप्तरांत आहे: सोसायटी, तलाठी, दोन बँका आणि डीमॅट खातं. यातल्या प्रत्येकाला नाव बदलण्यासाठी कोणता कागद पुरतो, हे आधी ठरवायचं. ‘सगळ्यावर एकच उपाय’ म्हणून कोर्टात एक मोठा अर्ज टाकला की जे काम अर्जावर आणि सह्यांवर झालं असतं तेही तारखांमध्ये अडकतं, आणि कोर्ट फी सगळ्या मिळकतीच्या किमतीवर भरावी लागते. म्हणून माझी पद्धत अशी की पहिल्या बैठकीत कायद्याची कलमं बाजूला ठेवायची आणि एका कागदावर मिळकतींची यादी करायची. प्रत्येक मिळकतीसमोर नोंद कुठे आहे, नॉमिनी कोण, मृत्युपत्रात काय लिहिलंय आणि कुणाची हरकत येऊ शकते, एवढं भरायचं. हा कागद नीट भरला की निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

आता प्रोबेटबद्दल. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 मधल्या कलम 57 आणि 213 मुळे हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्या मृत्युपत्रांना प्रोबेटची सक्ती होती, पण ती मुंबई, मद्रास उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी हद्दीपुरती आणि जुन्या बंगाल प्रांतापुरती. म्हणजे मृत्युपत्र त्या हद्दीत केलेलं असेल किंवा स्थावर मिळकत त्या हद्दीत असेल तरच. मृत्युपत्र नाशिकला केलं आणि मिळकत नाशिक-निफाडला, अशा वेळी ही सक्ती कधीच नव्हती. त्यातच डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं केलेल्या दुरुस्तीत कलम 213 वगळलं गेलं. मुंबईच्या अनुभवावरून ‘प्रोबेटशिवाय मृत्युपत्राला किंमत नाही’ असं इकडेही सांगितलं जातं. तुमच्या बाबतीत ते लागू नाही.

सक्ती नाही म्हणजे उपयोग नाही, असं मात्र समजू नका. प्रोबेटमध्ये कोर्ट एवढंच ठरवतं की हे मृत्युपत्र त्याच माणसानं शुद्धीत, स्वेच्छेनं केलं आणि ते त्याचं शेवटचं मृत्युपत्र आहे. मिळकत मुळात त्याच्या मालकीची होती का, हे प्रोबेट कोर्ट ठरवत नाही. हा फरक लक्षात ठेवा, जमिनीच्या वेळी तो कामाला येणार आहे. एखाद्या वारसाचा मृत्युपत्रावरच आक्षेप असेल, मृत्युपत्रानं जवळच्या कुणाला पूर्ण वगळलं असेल किंवा ते आजारपणात केलेलं असेल, तर मी स्वतःहून प्रोबेट घ्यायला सांगतो. साक्षीदार फार वयस्कर असतील तरीही तेच सांगेन. आणखी एक तांत्रिक गोष्ट आहे. प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरलाच, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला नेमलेल्या व्यक्तीलाच मिळतं. कुणालाच नेमलेलं नसेल तर मृत्युपत्र जोडून ‘लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन’साठी, म्हणजे मिळकतीचा कारभार बघण्याच्या कोर्टाच्या अधिकारपत्रासाठी अर्ज करावा लागतो. तुमच्या मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून कुणाचं नाव आहे का, हे प्रश्नात आलेलं नाही. ते आधी बघा. नाव नसताना वकील ‘प्रोबेट’ म्हणत असतील तर त्यांनी मृत्युपत्र पूर्ण वाचलेलं नाही.

प्रोबेट आज घ्या अगर घेऊ नका, एक काम या महिन्यातच करा. मृत्युपत्रावर सही केलेले दोन साक्षीदार कोण, आज कुठे राहतात, तब्येत कशी आहे, हे शोधा. मृत्युपत्र नोंदवलेलं असलं तरी ते कोर्टात सिद्ध करायला किमान एक साक्षीदार हयात असेपर्यंत त्याचीच साक्ष लागते. नोंदणी त्याची जागा घेत नाही. लोक नोंदणीच्या शिक्क्यावर विसंबून राहतात आणि पाच-सात वर्षांनी वाद उभा राहतो तेव्हा दोन्ही साक्षीदार गेलेले असतात. मग त्यांच्या आणि वडिलांच्या सह्या ओळखणारी माणसं शोधावी लागतात, आणि काम फार अवघड होतं. म्हणून एका साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा: मृत्युपत्र कुठे, केव्हा झालं, वडिलांनी त्याच्यासमोर सही केली, त्यानं वडिलांसमोर सही केली, त्या वेळी वडिलांची मनःस्थिती ठीक होती. प्रोबेटचा अर्ज करायची वेळ आलीच तर अशाच मजकुराची साक्षीदाराची पडताळणी अर्जाखाली लागते. मूळ मृत्युपत्र मात्र कुणालाही ‘फाइलला ठेवा’ म्हणून देऊ नका. दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रत काढा आणि वकिलांना ती द्या. मूळ कागद कोर्टात दाखल करायच्या दिवशी, पोच घेऊन द्यायचा.

आता जमीन, कारण तुमच्या प्रकरणात सगळ्यात जास्त काळजी तिथे घ्यावी लागणार आहे. मृत्युपत्रात वडिलांनी जमीन दोघा मुलांना दिली, पण देण्याइतकी ती त्यांची होती का? ‘आजोबांकडून आली’ एवढ्यावर याचं उत्तर मिळत नाही. ती कशी आली त्यावर ते अवलंबून आहे. आजोबांनी ती स्वतः विकत घेतली होती आणि 1956 नंतर त्यांच्या मृत्यूनं, मृत्युपत्राविना, हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 8 प्रमाणे वडिलांकडे आली असेल, तर सर्वसाधारणपणे ती वडिलांची स्वतःची मिळकत समजली जाते आणि ते तिचं मृत्युपत्र करू शकतात. पण ती एकत्र कुटुंबाची, पणजोबांपासून चालत आलेली आणि काका-वडिलांच्या वाटणीत वडिलांच्या वाट्याला आलेली असेल, तर तुमचा आणि भावाचा त्यात जन्मतः हिस्सा आहे. बहिणीचाही आहे. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी मुलासारखीच सहदायाद, म्हणजे जन्मतः हिस्सेदार आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याचीही गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट केलं. अशा वेळी मृत्युपत्र वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यापुरतंच चालतं. बहिणीचा हिस्सा मृत्युपत्रानं जात नाही.

हे शोधायचं कुठे? सातबाऱ्यावर खातेदारांच्या नावांजवळ फेरफार क्रमांक असतात. ते मागे मागे वाचत जा. निफाड तहसीलच्या अभिलेखातून 1950-60 पर्यंतचे फेरफार आणि जुने सातबारे यांच्या नकला काढा, बरेचसे जुने अभिलेख आता ऑनलाइनही मिळतात. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असा शेरा आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावापुढे दिसला, तर जमीन एकत्र कुटुंबाची असण्याची शक्यता बळावते. ‘अ.पा.क.’ हा शेरा दिसला तर त्या वेळी कुणीतरी अज्ञान होतं आणि पालक म्हणून दुसऱ्याचं नाव लागलं, असं समजायचं. जुन्या वारसनोंदींमध्ये आत्यांची नावं कब्जेदार सदरी न लावता ‘इतर हक्कात’ टाकलेली किंवा सरळ वगळलेली सापडतात. त्यांची नावं वगळली म्हणून त्यांचा हक्क गेला, असं होत नाही. फेरफार ही महसुलासाठीची नोंद आहे, मालकी त्यावरून ठरत नाही. तुमच्या आत्या हयात असतील आणि आजोबांच्या वेळी त्यांचं नाव लागलेलं नसेल, तर तो प्रश्न तुमच्या वारसनोंदीच्या वेळीही उठू शकतो. भोगवटादार वर्ग 1 आहे की वर्ग 2, तेही बघा. वर्ग 2 असेल तर पुढच्या हस्तांतरणाला शासनाची परवानगी लागते. ‘इतर हक्कात’ विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का, हेही पाहा. कर्ज असेल तर वारस मिळालेल्या मिळकतीच्या मर्यादेत त्याला जबाबदार असतात.

नोंदीची पद्धत तशी सरळ आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं. (तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण कागद तेच आहेत.) अर्ज ई-हक्क प्रणालीवर किंवा सज्जाच्या कार्यालयात करता येतो. सोबत मृत्यू दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, सगळ्या वारसांची नावं-पत्ते आणि मृत्युपत्राची प्रमाणित प्रत. नोंद धरल्यावर संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर ती तक्रारी नोंद होते आणि मंडळ अधिकारी दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतात. मृत्युपत्र खरं की खोटं हे महसूल अधिकारी ठरवू शकत नाहीत. पक्षकारांना ते दिवाणी कोर्टाकडे जायला सांगतात. निर्णय विरुद्ध गेला तर प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील करता येतं.

इथे माझा सल्ला असा. वारसांची नोंद आणि मृत्युपत्राची अंमलबजावणी यांत लपवाछपवी नको. वंशावळीत बहीण, आई आणि आजी या सगळ्यांची नावं लिहा, मृत्युपत्र जोडा आणि मृत्युपत्राप्रमाणे नोंद मागा. बहिणीचं नाव वंशावळीतून गाळून केलेली नोंद पहिल्या दोन वर्षांत कुणाच्या लक्षात येत नाही. पुढे जमीन विकायला निघालात की खरेदीदाराचा वकील शोध अहवालात ती गोष्ट काढतो आणि सौदा थांबतो. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल फौजदारी जबाबदारी येते, ती वेगळी.

फ्लॅटचं काम याहून सोपं आहे. सोसायटीतला नॉमिनी मालक नसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 154ब-13 प्रमाणे सभासद वारल्यावर सोसायटी मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा वारसांनी केलेली कौटुंबिक व्यवस्था यांच्या आधारे हक्क हस्तांतरित करते. नॉमिनी तोपर्यंत तात्पुरता सभासद म्हणून राहतो. म्हणून थोरल्या भावानं नॉमिनी म्हणून आपलं नाव लावून घेऊ नये. तसं केलं तर पुढे आईच्या नावावर आणताना अकारण आणखी एक कागद वाढतो. मृत्युपत्राची प्रमाणित प्रत, आईचा अर्ज, भावाचं ‘नॉमिनी असलो तरी माझा हक्क नाही’ असं पत्र आणि बाकीच्या वारसांची संमती सोसायटीला द्या. समितीचा ठराव झाला की भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) आईचं नाव येतं. मग त्याच कागदांवर महापालिकेत घरपट्टी आणि महावितरणकडे वीजबिल आईच्या नावावर करून घ्या. इंदिरानगरच्या बऱ्याच भागात इमारतीखालच्या जागेचा सातबारा असतो, काही ठिकाणी मिळकत पत्रिका असते. सोसायटीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झालेलं नसेल तर तिथे अजून विकसकाचं किंवा मूळ मालकाचं नाव असेल. तो वेगळा विषय आहे, वारसाहक्कात ओढू नका. सिडकोची सदनिका असती तर सोसायटीबरोबर सिडकोच्या कार्यालयातही वारस हस्तांतरण करावं लागलं असतं. सातपूर-अंबडच्या औद्योगिक भूखंडाला एमआयडीसीकडे जावं लागतं. हे इतर वाचकांसाठी सांगून ठेवतो.

ठेवी आणि शेअर हा भाग तुमच्या वकिलांनी बहुधा नजरेआड केलाय. मृत्युपत्रात त्यांचा उल्लेख नाही, उरलेल्या मिळकतीबद्दल वाक्य नाही, म्हणून तेवढ्यापुरते वडील मृत्युपत्राविना वारले असं धरलं जातं. मग हिंदू उत्तराधिकार कायद्याचा पहिला वर्ग लागू होतो: आई, दोन मुलगे, मुलगी आणि वडिलांची आई. पाच समान हिस्से, प्रत्येकाला एक पंचमांश. आजीचं नाव बहुतेक घरांत विसरलं जातं. सून आणि नातवंडं मिळून ठेवी वाटून घेतात, आणि वर्ष-दोन वर्षांनी काका विचारतात तेव्हा उत्तर नसतं.

बँकेत आता तुमच्यासाठी थोडी सोपी वाट आहे. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2025 मध्ये दिलेल्या निर्देशांप्रमाणे नॉमिनी नसलेल्या आणि वाद नसलेल्या खात्यांसाठी बँकांनी ठरावीक मर्यादेपर्यंत कोर्टाच्या कागदाशिवाय दावा निकाली काढायचा आहे. ही मर्यादा व्यापारी बँकांत किमान 15 लाख आणि सहकारी बँकांत किमान 5 लाख रुपये आहे. सगळे कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत निकाल द्यायचा. बँकांना या तरतुदी 31 मार्च 2026 पर्यंत लागू करायच्या होत्या. तुमच्या ठेवी या मर्यादेत बसतात का, ते मूळ रक्कम आणि आजपर्यंतचं व्याज मिळून बघा. बसत असतील तर दावा अर्ज, मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची ओळखपत्रं, हानिरक्षण बंधपत्र (इंडेम्निटी बाँड) आणि पैसे न घेणाऱ्या वारसांची ना-हरकत एवढ्यात काम होतं. तुमच्याकडे मृत्युपत्र आहे हे बँकेपासून लपवू नका. त्यात ठेवींचा उल्लेख नाही हे दाखवायला त्याची प्रत आणि सर्व वारसांचं संयुक्त निवेदन द्या. शेअरच्या बाबतीतही डीमॅट खात्यातली एकूण किंमत 15 लाखांपर्यंत असेल तर सेबीच्या नियमांनुसार कागद तुलनेनं कमी लागतात. कागदी शेअर असतील तर ती मर्यादा प्रत्येक कंपनीमागे 5 लाख आहे.

मर्यादा ओलांडली तरच कोर्टात जायचं, आणि तेही प्रोबेटसाठी नाही. उत्तराधिकार प्रमाणपत्रासाठी. याला बोलीत सक्सेशन म्हणतात. ते भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 370 पासून पुढे येतं आणि फक्त ठेवी, शेअर, येणी यांच्यासाठी असतं. जमीन-घर त्यात येत नाही. वडील राहत होते त्या हद्दीतल्या, म्हणजे नाशिकच्या कोर्टात अर्ज करायचा. अर्जात मृत्यूची तारीख, राहण्याचं ठिकाण, सर्व नातेवाईकांची नावं-पत्ते, तुमचा हक्क कशावरून आणि ठेवी-शेअरची यादी लिहावी लागते. कोर्ट फी या यादीतल्या रकमेवर लागते आणि ती अर्जासोबत जमा करावी लागते. म्हणून ज्या ठेवी कोर्टाशिवाय मिळतात त्या यादीत घालू नका, त्यांच्यावर नाहक फी भराल. एखादी ठेव सुटली तर कलम 376 खाली प्रमाणपत्र वाढवून घेता येतं. अर्ज दाखल झाल्यावर वारसांना नोटीस जाते, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते, मग अर्जदाराचं शपथपत्र आणि कागद तपासून आदेश होतो. कुणाची हरकत नसली तरी सहा महिने ते वर्ष धरून चला. कोर्टाच्या कामाचा भार, नोटिसा लागतात की परत येतात आणि नावांत फरक आहे का, यावर हे अवलंबून आहे. प्रमाणपत्र ज्याच्या नावावर निघतं तो सगळ्या पैशाचा मालक होत नाही. बँकेला पैसे देण्यापुरतं ते संरक्षण देतं, आणि घेणाऱ्यानं बाकीच्या वारसांचे हिस्से द्यायचेच असतात.

इथवरचा हिशेब असा: फ्लॅटला मृत्युपत्र आणि संमती पुरते, जमिनीला जुने फेरफार वाचल्याशिवाय काही ठरत नाही, ठेवी आणि शेअर यांना रक्कम बघून दावा अर्ज किंवा सक्सेशन. प्रोबेट यात कुठे आलंच तर बहिणीचा किंवा आजीचा मृत्युपत्रावर आक्षेप असला किंवा वर सांगितलेलं दुसरं एखादं कारण असलं तरच.

आता वकील. चांगला दिवाणी वकील तुम्हाला तीन गोष्टींसाठी हवा: जमिनीच्या मुळाचा अभ्यास करून लेखी मत देण्यासाठी, वारसांमधले दस्त नीट लिहिण्यासाठी आणि गरज पडली तर सक्सेशनचा अर्ज चालवण्यासाठी. या तीन कामांची फी वेगवेगळी ठरवा आणि कागदावर घ्या. सक्सेशनची फी टप्प्यांत द्या: अर्ज दाखल झाल्यावर, जाहीर नोटीस आणि शपथपत्र झाल्यावर, आणि आदेश झाल्यावर. कोर्ट फी, जाहिरातीचा खर्च, नकला, नोटरी हे फीच्या बाहेरचे खर्च आहेत. त्यांच्या पावत्या मागा. मिळणाऱ्या मिळकतीत हिस्सा घेणं किंवा निकालावर अवलंबून फी ठरवणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. फी आकारताना मिळकतीचा अंदाज घेणं वेगळं आणि ‘मिळेल त्याचे इतके टक्के’ म्हणणं वेगळं. तुम्हाला सांगितलेली टक्केवारी दुसऱ्या प्रकारात बसत असेल तर विनम्रपणे नकार द्या आणि ठरावीक रक्कम विचारा.

आणखी एक गोष्ट आधी स्पष्ट करून घ्या: वकील कुणाचे? सगळं एकमतानं चाललं असेल तर एकाच वकिलानं सगळ्यांचे कागद केले तरी चालतं. पण बहिणीनं हक्कसोडपत्र द्यायचं असेल तर तिला त्याचा अर्थ स्वतंत्रपणे समजावून सांगणारं दुसरं कुणी असावं. तिचा खर्च तुम्ही केलात तरी चालेल. पुढे ‘भावाच्या वकिलानं सही घेतली’ असं म्हणण्याची वेळ येणार नाही. महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत सल्ला मिळतो. सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयात चौकशी करा. वाद असेल तर तिथेच दाखलपूर्व मध्यस्थीही करता येते. अर्ज दाखल झाला की वकिलांकडून सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक घ्या. ई-कोर्ट्सवर तो टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते घरबसल्या दिसतं. ‘तारीख पडली’ एवढ्या उत्तरावर मग राहावं लागत नाही.

कागदांत सगळ्यात जास्त वेळ नावांच्या फरकात जातो. सातबाऱ्यावर ‘बाळू’, बँकेत ‘बाळासाहेब’, आधारवर ‘भालचंद्र’ असं असेल तर पहिल्याच तारखेला विचारणा होते. बहिणीचं माहेरचं आणि सासरचं नाव, आजीचं सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव हेही जुळवून बघा. एकाच व्यक्तीची ही सगळी नावं आहेत, असं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचा दाखला किंवा राजपत्र जे असेल ते जोडा. महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातून मृत्यू दाखल्याच्या दहा-बारा प्रती एकदमच घ्या. त्यावरचा पत्ता आणि वडिलांचा राहता पत्ता जुळतो का पाहा, कारण सक्सेशनच्या कोर्टाची हद्द त्यावरून ठरते.

जमीन वडिलांच्या हिश्श्यापुरतीच मृत्युपत्रात जाते असं निघालं आणि बहीण स्वखुशीनं हक्क सोडायला तयार असेल, तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच करा. साध्या स्टॅम्पवर नोटरी केलेल्या हक्कसोडपत्रानं स्थावरातला हक्क जात नाही. मोबदला न घेता, ठरावीक नात्यांमध्ये वडिलोपार्जित मिळकतीचा हक्क सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र, म्हणजे 500 रुपये आहे. मोबदला दाखवला की खरेदीखतासारखं शुल्क लागतं. कुणाच्या लाभात सोडतेय, तुमच्या एकट्याच्या की दोघा भावांच्या, हे दस्तात स्पष्ट लिहा. ‘भावांच्या लाभात’ एवढंच मोघम लिहिलं तर पुढे हिश्श्यावरून वाद होतो. बहीण तयार नसेल तर तिचं नाव लावून मोजणी आणि वाटणी करणं हा सरळ मार्ग आहे. तिच्यावर दबाव आणून घेतलेली सही कोर्टात टिकवणं कठीण असतं.

अमेरिकेतल्या भावाला प्रत्येक सहीसाठी यावं लागणार नाही. त्यानं कुलमुखत्यारपत्र भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून किंवा अपोस्टिल (तिथल्या सरकारचं परदेशात चालणारं प्रमाणन) करून पाठवावं. कामं त्यात नेमकी लिहावीत: सोसायटीत संमती देणं, वारसनोंदीचा जबाब, बँकेचा दावा, कोर्टात अर्ज. ‘सर्व कामे’ असं मोघम लिहिलेलं बँका बहुधा स्वीकारत नाहीत. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरून घ्या. ही मुदत चुकली की दंडाची कटकट मागे लागते.

आणि कामांचा क्रम लावताना आजीला पहिलं ठेवा. तिच्या हयातीत तिची संमती किंवा हक्कसोड झाली नाही तर ठेवी आणि शेअरमधला तिचा एक पंचमांश हिस्सा तिच्या वारसांकडे, म्हणजे तुमचे काका, आत्या आणि वडिलांच्या जागी तुम्ही तिघे भावंडं, यांच्याकडे जाईल. मग बँकेला पाच सह्यांऐवजी किती सह्या लागतील, ते काका-आत्या किती आहेत त्यावर ठरेल. आजीला तिचा हिस्सा हवा असेल तर तो तिच्या खात्यात जमा करा, तो तिचा आहे. सोडायचा असेल तर तिला नीट समजावून सांगा आणि त्या दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. दस्त नोंदवायचा असेल आणि तिला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयापर्यंत जाणं शक्य नसेल, तर गृहभेटीचा अर्ज करता येतो. निबंधक घरी येऊन तिची सही आणि अंगठा घेतात.